जुन्या मोटारीचे बुश : रबर, पीयू की नायलॉन?

वैतरणा, खास प्रतिनिधी

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली, त्याला आता काही वर्षे लोटली. ताडदेव येथील परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदल्या गेलेल्या अखेरच्या पद्मिनीने टॅक्सीसाठीची २० वर्षांची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण केली आणि काळ्या-पिवळ्या रंगातील एक पर्व संपले. खासगी मालकीच्या फियाट, पद्मिनी, अॅम्बेसेडर आणि जुन्या जीप मात्र अजून अनेक घरांच्या अंगणात उभ्या आहेत. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अनेकांना असते. रंग, आसने आणि क्रोम यांवर सढळ हाताने खर्चही होतो. परंतु ही गाडी वसई-विरार सोडून महामार्गाला लागली आणि वैतरणेच्या पुढे मनोर, पालघर किंवा बोईसरकडे निघाली की काही वेळातच पुढच्या चाकाकडून ‘खट-खट’ असा आवाज येऊ लागतो. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. दोष बहुधा सस्पेन्शनच्या बुशमध्ये असतो.

बुश बदलणे हे तसे किरकोळ काम. मात्र तो कशाचा बसवावा, हा प्रश्न किरकोळ नाही. गॅरेजमध्ये विचारले तर तीन उत्तरे मिळतात. कोणी मूळचेच रबर सुचवतो, कोणी बाजारात आलेले रंगीत ‘पीयू’ म्हणजे पॉलियुरेथेनचे बुश पुढे करतो, तर कोणी ‘लेथवर नायलॉनचा काढून देतो, आयुष्यभर बघायला नको’ अशी हमी देतो. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी असू शकतात. चुकीच्या जागी मात्र यांपैकी एखादे उत्तर ज्या पत्र्याला सस्पेन्शन जोडलेले असते, तो पत्राच फाडू शकते. बुश पुन्हा मिळतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची बॉडी पुन्हा मिळत नाही.

बुश नेमके काय करतो?

चाक खड्ड्यात उतरते किंवा गतिरोधकावर चढते तेव्हा चाकाला धरून ठेवणारे आर्म वर-खाली फिरतात. मागच्या बाजूला पोलादी पाटे असतील तर ते दबतात आणि लांबतात. या फिरण्यासाठी सांध्यात जी नळी बसवलेली असते, ती म्हणजे बुश. मूळ रबरी बुशची रचना साधी असते. बाहेर पोलादाची एक नळी, आत दुसरी लहान नळी आणि मध्ये दोन्हींना घट्ट चिकटवलेले रबर. गॅरेजमधील भाषेत त्यालाच ‘सायलेंट ब्लॉक’ म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अशा बुशमध्ये काहीही घसरत नाही. आतली नळी बोल्टने आवळून पक्की केलेली असते, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली असते आणि आर्म फिरतो तेव्हा मधले रबर पिळले जाते. आर्म मूळ जागी आला की पीळ सुटतो. म्हणूनच या बुशला वंगण लागत नाही. धातूवर धातू घासत नसल्याने झीज होत नाही आणि रस्त्याची बारीक थरथर रबरातच जिरून जाते. बिजागरी आणि गादी अशी दोन कामे एकच तुकडा करतो.

शिवाय रबर थोडे आडवे-तिरकेही वाकते. जुन्या गाड्यांच्या सस्पेन्शनची आखणी करताना हे वाकणे गृहीत धरलेले असते. मागचा अॅक्सल वळणावर कलतो तेव्हा पाट्यांच्या टोकांना नुसते फिरावे लागत नाही, किंचित मुरडावेही लागते. ही मुरड बुशने सोसली नाही, तर ती पाट्याला, शॅकलला आणि शेवटी बॉडीला सोसावी लागते. पर्यायांची तुलना करताना हाच मुद्दा निर्णायक ठरतो.

फियाट, अॅम्बेसेडर आणि जीप

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. तिला पुढे कॉइल स्प्रिंग आणि वरचे-खालचे आर्म, मागे अखंड अॅक्सल आणि पाटे आहेत. स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची बॉडीच सर्व भार वाहते. त्यामुळे बुशने न जिरवलेला प्रत्येक धक्का थेट जोडकाम केलेल्या पत्र्यात उतरतो. किनारपट्टीवर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचा हा पत्रा आतून गंजलेला असण्याची शक्यता बरीच असते, हे वेगळे सांगायला नको.

हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर २०१४ पर्यंत उत्तरपाडा येथे तयार होत होती. तिच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ सोसणारे पोलादी दांडे आहेत. मागे मात्र पाटेच. जुन्या विलीज धाटणीच्या जीपची तऱ्हा निराळी. तिच्या पाट्यांच्या शॅकलला आट्यांचे धातूचे बुश आणि ग्रीस भरण्यासाठी निपल असतात. तेथे रबर मुळातच नव्हते. म्हणजे ‘जुन्या गाडीला रबरच’ असा सरसकट नियमही करता येत नाही. बनवणाऱ्याने त्या सांध्याकडून कोणते काम अपेक्षिले होते, हे प्रथम पाहावे लागते.

कडकपणाचा आकडा

बुशच्या पाकिटावर किंवा विक्रेत्याच्या तोंडी ‘७०’, ‘८०’, ‘९०’ असे आकडे असतात. ही शोर ए मापातील कठीणता होय. एक बोथट सुई ठरावीक दाबाने पदार्थात किती रुतते, यावरून ती काढतात. मूळ रबरी बुश साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असतात. बाजारातील पॉलियुरेथेनचे बहुतेक बुश ८० ते ९५ च्या घरात येतात.

या आकड्यांत एक फसगत दडलेली आहे. ६० चा आकडा ९० झाला म्हणजे कडकपणा दीडपट झाला, असा समज होतो. प्रत्यक्षात हे माप सरळ रेषेत वाढत नाही. ६० शोरचे रबर दाबायला जेवढा जोर लागतो, त्याच्या साधारण पाच ते सहा पट जोर ९० शोरच्या पदार्थाला लागतो. म्हणजे पाकिटावरील किरकोळ वाटणारा फरक गाडीच्या पत्र्याला कित्येक पटींनी जाणवतो. ‘थोडा कडक टाकू’ असे म्हणताना तो ‘थोडा’ किती, याचा विचार व्हायला हवा.

रबर : गुण आणि मर्यादा

नैसर्गिक रबराची सर्वांत मोठी ताकद म्हणजे लाखो वेळा पिळले गेल्यानंतरही न थकण्याची वृत्ती. थरथर शोषणे, सर्व दिशांना थोडे वाकणे आणि आवाज न करणे यांत त्याला अजून तोड नाही. म्हणूनच आजच्या नव्या मोटारींतही बहुतांश बुश रबराचेच असतात.

त्याचे शत्रूही ठरलेले आहेत. पहिला शत्रू तेल. इंजिन किंवा गिअर बॉक्समधून ठिबकणाऱ्या तेलाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि धातूपासून सुटते. बुश बदलण्याआधी गळती बंद करणे म्हणूनच अगत्याचे. दुसरा शत्रू हवेतील ओझोन. ताणाखाली असलेल्या रबरावर त्यामुळे आडव्या बारीक भेगा पडतात. तिसरा शत्रू उष्णता. सायलेन्सरच्या पाइपाजवळचा बुश इतरांच्या आधी कडक होतो.

चौथा शत्रू अनेकांच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे काळ. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभीच थांबले. त्यामुळे ‘कंपनीचा मूळ, पॅकबंद’ म्हणून मिळणारा बुश कपाटात किमान दोन दशके पडून असू शकतो. रबरी भागांच्या साठवणुकीसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नैसर्गिक रबराच्या सुट्या भागांची प्रारंभीची साठवण मुदत पाच वर्षांची आहे. तपासणी करून ती आणखी थोडी वाढवता येते. वीस-पंचवीस वर्षांपर्यंत नव्हे. संग्रहासाठी जुने पाकीट मोलाचे असेल. सांध्यात बसवायला अलीकडे तयार झालेले चांगले रबरच बरे.

‘चांगले’ हा शब्द येथे महत्त्वाचा. टाकाऊ रबर पुन्हा वापरून आणि भरताड घालून केलेले स्वस्त बुशही बाजारात असतात. ते दिसायला हुबेहूब असतात, कठीणतेचा आकडाही जुळतो. परंतु एका पावसाळ्यात रबर नळीपासून सुटते. रबर आणि धातू यांचा जोड हाच अशा बुशचा प्राण असतो. नळी स्वच्छ खरवडून, त्यावर चिकटद्रव्याचा थर देऊन, साच्यात उष्णता आणि दाब यांखाली रबर शिजवले तरच तो जोड टिकतो. नळीच्या कडेला रबर सुटे दिसत असेल किंवा नखाने उचकटत असेल, तर तो बुश दुकानातच परत करावा.

पीयूचे आकर्षण

लाल, पिवळ्या, काळ्या रंगांतील पॉलियुरेथेनचे बुश दिसायला देखणे असतात. त्यांचे गुणही खोटे नाहीत. तेलाने ते सहसा बिघडत नाहीत, घासण्याला दाद देत नाहीत आणि भार पडला तरी कमी दबतात. परिणामी वेगाने वळताना चाकाचा कोन ढळत नाही, स्टिअरिंगला तत्काळ प्रतिसाद मिळतो. शर्यती किंवा रॅलीसाठी तयार केलेल्या गाडीत त्यांचा उपयोग रास्तच आहे.

तथापि रबरी बुश पिळतो, तर पीयूचा बुश बहुधा घसरतो. तो नळीला चिकटवलेला नसतो. दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंनी सरकवून मध्ये पोलादी नळी घातलेली असते. म्हणजे त्याला वंगण हवे आणि तेही सिलिकॉन जातीचे, पाण्याने न धुपणारे. ते आटले किंवा आत माती शिरली की गाडी प्रत्येक खड्ड्यावर जुन्या पलंगासारखी कुरकुरते. त्यासाठी बुश काढून, धुऊन पुन्हा वंगण द्यावे लागते. सांधा केवळ एकाच दिशेने फिरत असेल तर पीयू आपले काम चोख करते. जेथे मुरड आहे तेथे मात्र ते अडते आणि सांधा जखडतो.

वैतरणा-पालघर पट्ट्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पॉलियुरेथेनचे दोन मुख्य प्रकार आहेत, पॉलिएस्टर जातीचे आणि पॉलिइथर जातीचे. पहिले घासण्याला आणि तेलाला अधिक चिवट असते. पण उष्ण व दमट हवेत पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याच्या साखळ्या तुटतात. कालांतराने ते चिकट होते किंवा भुगा होऊन गळते. दुसरे पाण्याला पुष्कळ अधिक दाद देत नाही. चार महिने पावसात आणि उरलेले आठ महिने खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या केळवे, सातपाटी, डहाणू परिसरातील गाडीला पीयूच बसवायचे ठरले, तर ते पॉलिइथर जातीचे आहे का, हे विचारून घ्यावे. विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसेल, तर तो बुश कोरड्या हवेतील गाडीसाठी सोडून द्यावा.

नायलॉन : लेथवरचा उपाय

गावोगावच्या टर्नरकडे नायलॉनचा दांडा असतो. त्यातून तासाभरात हवा तो बुश निघतो, खर्चही कमी. अडचणीच्या वेळी या उपायाने अनेक गाड्या घरी पोहोचल्या आहेत. कायमचा उपाय म्हणून मात्र त्याचे दोन मोठे दोष आहेत.

पहिला दोष पाण्याचा. नायलॉन पाणी पिते. नायलॉन ६ या नेहमीच्या प्रकारात पूर्ण मुरल्यावर वजनाच्या सुमारे नऊ टक्क्यांपर्यंत पाणी शिरू शकते. पाणी शिरले की बुश फुगतो. ३० मिलिमीटर व्यासाचा बुश अवघा एक टक्का फुगला तरी व्यास ०.३ मिलिमीटरने वाढतो. अशा सांध्यात ठेवलेली मोकळीक त्याहून बरीच कमी असते. उन्हाळ्यात नीट फिरणारा सांधा आषाढात जखडतो तो यामुळे. टर्नरने पावसाळ्यात मोकळीक वाढवून दिली, तर हिवाळ्यात तोच सांधा खडखडू लागतो. अॅसिटल हे नायलॉनसारखेच दिसणारे प्लॅस्टिक पाणी पुष्कळ कमी शोषते, साधारण एक टक्क्याच्या आतच. प्लॅस्टिकचा बुश करायचाच असेल तर तो अॅसिटलचा करावा.

दुसरा दोष कडकपणाचा, आणि तो अॅसिटललाही लागू आहे. ही प्लॅस्टिके शोर ए मापाच्या पलीकडची कठीण असतात. थरथर जिरवणे त्यांच्याकडून होतच नाही. पाट्याच्या डोळ्यात किंवा आर्मच्या सांध्यात असा बुश बसवला की काँक्रीटच्या रस्त्यावरचा प्रत्येक सांधा आणि डांबरी रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट बॉडीच्या जोडांवर आदळतो. सुरुवातीला गाडी ‘टाइट’ झाल्याचा आनंद होतो. पुढे ब्रॅकेटभोवती रंगाला केसासारखी चीर पडते, मग पत्रा फाटतो. महामार्गावर वेगात असताना आर्मचा ब्रॅकेट सुटणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझच्या बुशची गोष्ट वेगळी. जेथे मूळ आखणीतच धातूचा बुश आणि ग्रीसचे निपल आहे, उदाहरणार्थ जुनी जीप, तेथे तेच योग्य. पावसाळ्यात पाण्यातून, चिखलातून गेल्यावर जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरणे, एवढे पथ्य पाळावे.

कोठे काय बसवावे?

घरगुती वापराच्या फियाट-पद्मिनीला किंवा अॅम्बेसेडरला पुढच्या आर्मसाठी आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्यासाठी रबरच बसवावे. तेथे मुरडही असते आणि ब्रेकचा सारा ताणही येतो. मागच्या शॅकलला रबर उत्तम; भार वाहणाऱ्या गाडीत मऊ जातीचे पीयू चालू शकते. अँटी-रोल बार असलेल्या गाडीत बारच्या बुशसाठी पीयू वापरण्यास फारशी हरकत नाही, कारण तेथे हालचाल एकाच दिशेची असते आणि बिघडले तरी बदलणे सोपे असते. शॉक अॅब्सॉर्बरच्या डोळ्यात पुन्हा रबर. थोडक्यात, जेथे सांधा एकाच दिशेने फिरतो तेथे कडक पदार्थाला वाव. जेथे तो फिरतो आणि मुरडतोही, तेथे रबराला पर्याय नाही.

नेमका रबरी बुश मिळत नसेल तर साचा करून घेता येतो. एका गाडीसाठी साच्याचा खर्च परवडत नाही. पण त्याच गाडीच्या पाच-दहा मालकांनी एकत्र मागणी केली तर तो विभागला जातो. नमुना देताना बाहेरचा व्यास, आतले छिद्र आणि दोन्ही नळ्यांची लांबी ही मापे आवश्यक असतात. आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा मुद्दाम थोडी लांब असते, कारण बोल्टच्या दाबाखाली तीच आवळली जाते. ती आखूड झाली तर सारा बुशच व्यर्थ. काही बुशच्या रबरात पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यांची दिशाही नोंदवून ठेवावी.

बसवण्यातली चूक

उत्तम बुश आणूनही तो सहा महिन्यांत फाटल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. अशा वेळी दोष पदार्थाचा नसून बसवण्याच्या पद्धतीचा असू शकतो. गाडी जॅकवर उचललेली असते, चाके लोंबकळत असतात आणि त्याच अवस्थेत बोल्ट आवळले जातात. चिकटवलेल्या रबराच्या दृष्टीने तीच अवस्था ‘मूळ जागा’ ठरते. गाडी खाली उतरली, आर्म वर गेला, की रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेले राहते. खड्ड्यावर त्याला आणखी पीळ पडतो आणि ते फाटते. म्हणून बोल्ट आधी सैल लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, एक-दोनदा दाबून बसू द्यावी आणि त्यानंतरच बोल्ट पूर्ण आवळावेत. पुढच्या आर्मसाठी आणि पाट्यांसाठी दोन्हीकडे हा नियम लागू आहे. घसरणाऱ्या पीयू बुशला तो तितकासा लागत नाही.

बुश हातोड्याने ठोकू नये, प्रेसवर किंवा लांब बोल्ट व वॉशरच्या साह्याने ओढून बसवावा. सरकण्यासाठी तेल किंवा ग्रीस लावू नये. साबणाचे पाणी पुरते. आर्ममधील जागा गंजलेली असेल तर ती आधी घासून घ्यावी. डावा-उजवा दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळी बदलावेत. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट अवश्य तपासावे आणि सुमारे ५०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा पाहावेत.

बदल करण्याआधी निदानही नीट व्हावे. रबराच्या तोंडावरच्या बारीक भेगा म्हणजे बुश संपला असे नव्हे. लहान पहारीने आर्म हलवून पाहावा. आतली नळी रबरापासून सुटून सहज हलत असेल, किंवा ती मध्यावरून एका कडेला सरकली असेल, तर बुश गेला. टायर आतल्या बाजूने झिजणे आणि ब्रेक लावताना गाडी ओढणे ही पूरक लक्षणे. पण स्टिअरिंगचे सांधे आणि चाकाचे बेअरिंगही तीच लक्षणे दाखवतात, तेव्हा ती आधी तपासलेली बरी.

मूळ रूपाचा प्रश्न

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या आणि मोठे फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकींना त्यानुसार ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठरवण्यात आले आणि अशा गाड्यांच्या नियमित वा व्यावसायिक वापराला मज्जाव करण्यात आला. १९६४ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील फियाट आता या वयोगटात आल्या आहेत. बुश हा झिजणारा भाग आहे, तो बदलल्याने गाडीचे मूळपण जात नाही. परंतु कडक बुशमुळे फाटलेला पत्रा कापून, जाड पट्ट्या जोडून बॉडीच बदलण्याची वेळ आली, तर हे मूळपण टिकवणे अवघड होते.

साहजिकच निवडीचा निकष ‘कोणता बुश जास्त टिकेल’ हा नसावा. जुन्या गाडीत काहीतरी झिजणारच आहे. ती झीज काही रुपयांच्या रबरात व्हावी की पुन्हा न मिळणाऱ्या बॉडीत, एवढेच मालकाच्या हाती असते. दर काही वर्षांनी बदलावा लागणारा रबरी बुश हा गाडीचा कमकुवत दुवा वाटतो. वस्तुतः धक्का स्वतः सोसून गाडी वाचवण्यासाठीच तो तेथे बसवलेला आहे.